दहापैकी तीन हाका

काकूंचा फोन आला तेव्हा मी नवीन जालन्यातल्या आमच्या ऑफिसात मुगाच्या नमुन्यांच्या पिशव्यांना चिठ्ठ्या लावत होते. दुपारचे पावणेपाच झाले होते. काकू फोनवर कधी घाईनं बोलत नाहीत, त्या दिवशीही बोलल्या नाहीत. "वर्षा, तुझे काका गेले गं. खुर्चीतच." मागे कुणीतरी खुर्च्या सरकवत होतं. मग त्या म्हणाल्या, "चार वाजता चहाला हाक मारली. तीनदा मारली. तू आणून दिलेलं ते कानावर होतं. मला वाटलं, ऐकू येत नसंल. मंग मी माझा चहा पिऊन घेतला."

या गोष्टीला आता दीड महिना होत आला. डॉक्टरांनी त्याच संध्याकाळी सांगितलं, की जे झालं ते एका क्षणात झालं, काकू धावत गेल्या असत्या तरी काही फरक पडला नसता. मी डॉक्टरांवर विश्वास ठेवते. काकूही ठेवतात. तरीही त्या तीन हाका आणि काकांच्या कानावरचे ते काळे हेडफोन माझ्या मनातून जात नाहीत, कारण ते हेडफोन मी निवडले होते. पंधरा दिवस विचार करून, वहीत दोन रकाने आखून निवडले होते. माझी निवड चुकली की बरोबर होती, एवढंच मला कळून घ्यायचं आहे. लिहिताना उलगडेल असं वाटतंय. खात्री नाही.

दिगंबरकाका माझे नात्यानं कुणी नव्हते. आमचं गाव हसनाबाद. वडील तूर आणि कापूस करतात. काका जालन्याला बियाणं तपासणीच्या प्रयोगशाळेत नोकरीला होते आणि नमुने घ्यायला आमच्याकडे यायचे. पोत्यात बंबूची टोकदार पोकळ नळी घालून मूठभर दाणे काढायचे, तळहातावर पसरून बघत बसायचे, मग आमच्या ओट्यावर चहा घ्यायचे. मी बारावी झाले आणि आता हिचं लग्नाचं बघू, असं घरात सुरू झालं, तेव्हा याच ओट्यावर काका वडिलांना म्हणाले, "पोरीला बदनापूरला आमच्याकडं ठेवा. माझ्यासोबत गाडीनं जालन्याला येईल, कॉलेज करील, संध्याकाळी माझ्यासोबतच परत." वडील म्हणाले, बघू. पुढच्या आठवड्यात काकू स्वतः आल्या. सरळ आत जाऊन आईजवळ बसल्या आणि म्हणाल्या, "मला लेकरू न्हाई. तुमचं नीट सांभाळीन. पण ते तुमचंच राहील, ही काळजी करू नका." आईनं त्यांना भाकरी वाढली आणि माझं कॉलेज ठरलं. आमच्या घराण्यात पदवीचा कागद पहिल्यांदा आला तो काकूंच्या त्या शब्दांमुळे. तो कागद मी काकांच्या हातात दिला तेव्हा त्यांनी उजेडात धरून दोन्ही बाजूंनी पाहिला आणि म्हणाले, "उगवण चांगली झाली."

बदनापूरचं त्यांचं घर स्टेशनपासून हाकेच्या अंतरावर. पुढची खोली, मागची खोली, स्वयंपाकघर. पुढच्या खोलीत खिडकीशी काकांची वेताची खुर्ची, आणि खुर्चीच्या उजव्या हाताला स्वयंपाकघराचं दार. काका घरी आहेत हे त्या घरात बघावं लागायचं नाही, ऐकू यायचं. सारंगी किंवा शहनाई लागलेली असायची. तरुणपणी त्यांनी रेडिओसमोर टेपरेकॉर्डर ठेवून कितीतरी कॅसेटी भरल्या होत्या. त्यामुळे सारंगी ऐन रंगात आली की मधेच स्टेशनवरच्या गाडीचा भोंगा वाजायचा. सुरुवातीला मी दचकून घड्याळ बघायचे, आपली गाडी तर सुटली नाही ना म्हणून. काका हसायचे, "ती गाडी गेली कधीची. तू शाळेत पण न्हव्हती तेव्हाची हाये ती." आतून काकूंचं ठरलेलं, "किती ते रें रें लावता हो, डोकं उठलं." असं त्या रोज म्हणायच्या. भाकरी थापताना त्याच सुरात गुणगुणायच्याही रोज. मी दोन्ही ऐकत होते. पण दोन्ही एकत्र जोडून कधी पाहिलं नाही... हे आता कळतंय.

काकांचा एक नियम होता. शंभर दाणे मोजल्याशिवाय कशावर बोलायचं नाही. प्रयोगशाळेत ओल्या कागदावर शंभर दाणे मांडायचे, ठरलेले दिवस थांबायचं, किती उगवले ते मोजायचं आणि शेवटच्या रकान्यात शेरा लिहायचा. घरीही तेच. नवी काडेपेटी आणली की पहिल्या दहा काड्यांतल्या किती पेटल्या ते सांगायचे. पहिल्या वर्षी भौतिकशास्त्राच्या चाचणीत मी नापास झाले आणि गावाकडे परत जाते म्हणून पिशवी भरली, तेव्हा ते दारात उभे राहून एवढंच म्हणाले, "एका दाण्यावरून पोतं जोखते का तू? बिलकुल येडी हायेस." मी पिशवी रिकामी केली. आज मी बियाणं कंपनीत दर्जा तपासणीचं काम करते आणि रोज शंभर दाणे मांडते.

काका निवृत्त झाले तसा त्यांचा आवाजाचा वेळ वाढला. पूर्वी संध्याकाळचे दोन तास असायचा, तो आता दिवसभराचा झाला. मी एव्हाना जालन्यात राहायला गेले होते, पण रविवारी बदनापूरला जायचेच. कॅसेटी मी पेनड्राइव्हवर उतरवून दिल्या होत्या, भोंग्यांसकट. या उन्हाळ्याच्या आधी एका रविवारी काका हळूच म्हणाले, "वर्षाबाई, मला ते कानाला लावायचं घेऊन दे. मोठं. कानात खुपसायचं न्हाई. हिला दुपारी जरा पडायचं असतं, माझ्या रें रेंचा तरास होतो." मला फार आनंद झाला. ज्या माणसानं मला सगळं दिलं त्यानं माझ्याकडे पहिल्यांदा काही मागितलं होतं. मी ठरवलं की यात चूक करायची नाही.

आणि तिथूनच माझा गोंधळ सुरू झाला. मला वाटायचं हेडफोन म्हणजे हेडफोन. वाचायला लागले तर कळलं की मोठ्या हेडफोनांत दोन जाती आहेत. एकात कानावरच्या वाट्या मागून पूर्ण बंद असतात. आतला आवाज बाहेर जात नाही, बाहेरचा फारसा आत येत नाही. दुसऱ्यात वाट्यांच्या मागे जाळी असते. त्यातून आवाज मोकळा वाटतो, वाजवणारा खोलीतच बसलाय असं वाटतं, पण तो बाहेरही सांडतो आणि घरातलं सगळं आत येतं. कुणी लिहिलेलं की घरात शांत बसून ऐकणार असाल तर जाळीचेच घ्या. कुणी लिहिलेलं की घरात दुसरं माणूस असेल तर बंदच घ्या. काकांचं घर शांत होतं आणि त्यात दुसरं माणूसही होतं. मी वहीत दोन रकाने आखले. रोज रात्री एक रकाना जिंकायचा, सकाळी दुसरा.

शेवटी काकांनाच फोन केला आणि त्यांच्या भाषेत सांगायचा प्रयत्न केला. "काका, एक आहे घट्ट झाकणाचा डबा आणि दुसरं आहे गोणपाटाचं पोतं." ते लगेच म्हणाले, "मंग त्यात विचार काय करून राह्यली? बियाणं पोत्यातच ठेवतात. त्याला श्वास लागतो. डब्यात कोंडलं की ओल धरतं." मी म्हटलं, "पण पोत्यातून आवाज बाहेर येणार. काकूंना त्रास होणार. त्यासाठीच तर घ्यायचेत ना?" फोन तसाच धरून त्यांनी आत विचारलेलं मला ऐकू आलं, "अगं, तुला माझ्या आवाजाचा खरंच तरास होतो का?" आणि काकू पस्तीस वर्षं देत आल्या तेच उत्तर त्यांनी दिलं, "होतो तर काय! डोकं उठतं." मी रकान्यात बरोबरची खूण केली. बंद.

तरी मन खात नव्हतं असं नाही. ऑफिसातल्या एका सहकाऱ्याकडे जाळीचे होते, ते दोन दिवसांसाठी मागून घेतले, बंद विकत घेतले, आणि रविवारी दोन्ही घेऊन बदनापूरला गेले. दोन्ही बघताच काकांचे डोळे चमकले. "म्हंजी तपासणी करता येईल!" त्यांनी प्रयोगशाळेतल्यासारखी पाठकोरी वही काढली, रकाने मारले. नमुना, हाका, ऐकू आल्या, शेरा. काकूंनी स्वयंपाकघरातून शंभर वेळा 'अहो' म्हणायचं आणि त्यांनी ऐकू आलं की बोट वर करायचं, असं ठरवलं. काकू दारात येऊन कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. "शंभर वेळा अहो म्हणायला मी काय कालची नवरी हाये का? दहा म्हणीन. त्याच्या वर एक न्हाई."

"बरं दहा. पण नेहमीच्या आवाजात म्हण. वर न्हाई, खाली न्हाई."

"माझा नेहमीचा आवाज कोणता ते तरी म्हाईत आहे का तुम्हाला?"

मी दाराच्या चौकटीत उभी. काकूंना हातानं खूण करायची आणि काकांचं बोट बघायचं, असं माझं काम. काकांनी डोळे मिटले, सारंगी लावली. बंद हेडफोनांत दहापैकी तीन हाका पोचल्या. मग जाळीचे चढवले. एक, दोन, तीन... बोट दर वेळी वर. दहा झाल्या. आणि मग बोट अकराव्यांदा वर गेलं. "अकरा कशा?" काकांनी डोळे उघडून विचारलं. मीही वहीत बघायला लागले, माझी खूण चुकली का म्हणून. आम्ही दोघं तपासणीत चूक कुठे झाली ते शोधत होतो आणि आतून काकू ओरडल्या, "अकरावी तपासणीची नव्हती! दूध उतू गेलं!" ओट्यावरून दूध जमिनीवर आलं होतं. काकू मला म्हणाल्या, "हे असे. खरी हाक मारली की मोजत बसतील." त्या दिवशी आम्ही तिघंही इतके हसलो की चहा बिनदुधाचा झाला याचं कुणाला काही वाटलं नाही.

आता मला न कळणारी गोष्ट. तपासणी सरळ सरळ जाळीच्या बाजूनं लागली होती. पोतं असतं बियाण्यासाठी, हे काकाच म्हणाले होते. पण निघताना मी विचारलं तर त्यांनी बंद हेडफोन मांडीवर ठेवून घेतले. "हेच राहू दे. तुझं म्हणणं बराबर हाये." मला अभिमान वाटला. मी जाळीचे परत पिशवीत टाकले. आपण आणलेली वस्तू काकांनी ठेवली, एवढंच मला दिसत होतं. पोरीनं एवढं शोधून आणलंय, तिचं मन मोडू नये म्हणून ठेवली असेल, हे तेव्हा मनातही आलं नाही.

पुढचे तीन महिने मी दर रविवारी जायचे आणि दारातच थबकायचे. घरात आवाजच नसायचा. काका खुर्चीत, डोळे मिटलेले, बोटं खुर्चीच्या हातावर ताल धरून. बाकी काही नाही. काकू म्हणायच्या, "बघ की, डोक्यावर झाकण ठेवून बसलेत. घर कसं मोकळं मोकळं वाटतं." मी ते काकूंना आराम मिळाला असं समजले. त्यांना काही सांगायचं असलं की समोर येऊन उभं राहावं लागायचं. मग काका एक वाटी उचलून त्यांच्याच कानाला लावायचे, "हे ऐक, इथं ऐक." काकू म्हणायच्या, "मला काय कळतंय त्यातलं," आणि तरी ओल्या हातानं ती वाटी धरून मिनिटभर उभ्या राहायच्या. हे मी दोनदा पाहिलं. एकदा मला बस स्टँडपर्यंत सोडायला येताना काकूंनी सहज विचारावं तसं विचारलं, "ते जाळीवालं परत करून टाकलं का गं?" मी म्हटलं, "त्याच आठवड्यात." त्या म्हणाल्या, "बरं केलं." मी फोनवर बसची वेळ बघत होते.

मग ती दुपार.

तेराव्यानंतर माणसं पांगली आणि मी काकूंजवळ चार दिवस राहिले, तेव्हा त्यांनी मनातलं काढलं. रडत नव्हत्या, लसूण सोलत होत्या. "पस्तीस वर्षं मी डोकं उठतं डोकं उठतं म्हणत राह्यले. त्यांनी मनावर घेतलं असंल का गं ते? मला ऐकू जाऊ नये म्हणून घेतलं, का मी त्यांला ऐकू येऊ नये म्हणून?" मी म्हटलं, "काकू, तसं नाही, माझ्यामुळे..." खरं काय ते मलाही माहीत नव्हतं. तपासणी त्यांनी स्वतः केली होती. दहापैकी तीन, हे माहीत असून त्यांनी तीनवालं ठेवलं होतं. मी ती पाठकोरी वही शोधून काढली. सगळे रकाने भरलेले होते, माझ्या अक्षरात आकडे, त्यांच्या अक्षरात मथळे. शेऱ्याचा रकाना दोन्ही ओळींत कोरा. इतक्या वर्षांत काकांनी शेरा कोरा सोडलेला मी पाहिला नव्हता. मला ते म्हणायचे, "शेरा न लिहिणं म्हंजी जबाबदारी टाळणं."

गेल्या रविवारी पुन्हा गेले. काकूंनी हेडफोन कागदात गुंडाळून माझ्यापुढे ठेवले. "तू घेऊन जा. मला बघवत न्हाई." मी कागद उलगडला. काका डोक्याला तेल लावायचे, भरपूर. डाव्या वाटीची गादी त्या तेलानं सगळीकडून सारखी काळपट झाली होती, मधे कानाचा खोलगा पडलेला. उजवी गादी मात्र वेगळी होती. तिच्या एकाच कडेला तेलाचा अर्धचंद्र होता आणि बाकीची अगदी आणली तशी कोरी. मला काही समजेना. मी उलटसुलट करून पाहिलं, मग डोक्यावर चढवून पाहिलं. कानावर नीट बसवली तर तो डाग जमत नव्हता. वाटी कानाच्या मागे ढकलली की बरोबर जमला. म्हणजे उजवा कान उघडा राहत होता. स्वयंपाकघराच्या बाजूचा कान.

मी काकूंना दाखवलं. त्यांनी गादीवरून अंगठा फिरवला, डाग बघितला, माझ्याकडे बघितलं. "म्हंजी ऐकू येत होतं त्यांला?" मग एकदम रागावल्या, खरंच रागावल्या. "आन मला उगी समोर येऊन उभं राहायला लावायचे?" आणि मग त्यांच्या चेहऱ्याचं जे झालं ते मला लिहिता येत नाही. हसू होतं, बहुतेक.

पण मी तपासणीवाली आहे, मला दुसऱ्या शक्यताही दिसतात. काकांना चष्मा होता, घट्ट वाटीखाली चष्म्याची काडी रुतत असेल म्हणून मागे सरकवली असेल. उन्हाळ्यात कान घामेजत असेल. मी काकूंना विचारलं, "त्या दिवशी उजवी वाटी कुठे होती? कानावर, का मागे?" त्यांनी डोळे मिटून आठवून पाहिलं. "मी काढली गं ती माझ्या हातानं... पण कुठं होती ते आठवंना." म्हणजे तीन हाका पोचल्या की नाही, हे आता कधीच कळणार नाही. काका असते तर म्हणाले असते, एका दाण्यावरून पोतं जोखू नको. पण तो एक दाणा शेवटचा असला तर काय करायचं, हे त्यांनी शिकवलं नव्हतं.

काकू चहा ठेवायला आत गेल्या. मी काकांच्या खुर्चीत बसले. यापूर्वी कधीच बसले नव्हते. हेडफोन घातले, डावी वाटी कानावर, उजवी मागे, आणि सारंगी लावली. मधेच गाडीचा भोंगा झाला. तो टेपमधला होता की स्टेशनवरचा, मला सांगता आलं नाही. भांड्याचा आवाज आला, गाळणी आपटल्याचा आवाज आला, आणि मग अगदी स्वच्छ, नेहमीच्या आवाजात, वर नाही आणि खाली नाही, "अगं, चहा झाला."

मला ऐकू आलं होतं. मी ओ दिली नाही. का दिली नाही ते विचारू नका.

दुसरी हाक आली. तीही ऐकू आली. मग पावलं. काकू दोन कप घेऊन माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. "ऐकू येत न्हाई का तुला?" म्हणाल्या, आणि त्यांची नजर माझ्या उजव्या कानावर गेली. मी डावी वाटी काढून त्यांच्याकडे धरली. त्यांनी दोन्ही कप खिडकीत ठेवले, हात पदराला पुसले, वाटी कानाला लावली आणि उभ्या राहिल्या. मिनिट झालं, दोन झाली... चहावर साय धरली.

हेडफोन मी घरी आणले नाहीत. ते खुर्चीच्या उजव्या हातावर अडकवलेले आहेत.